रंगीत पडद्याचा हिशेब

आलेख कागदाचा एक तुकडा घ्या. त्यावर आठ उभे आणि आठ आडवे असे चौसष्ट चौकोन मोजून चौकट आखा. काही चौकोन काळे करून त्यात एखादे सोपे चित्र बसवा, होडी किंवा घर. आता हे चित्र दुसऱ्या खोलीतल्या मित्राला न दाखवता, नुसते बोलून सांगायचे आहे. काळा चौकोन म्हणजे १ आणि कोरा म्हणजे ० असे ठरवले, तर चौसष्ट अंक ओळीने सांगितले की मित्राच्या कागदावर तीच होडी उमटेल.

आता होडीत चार रंग भरायचे ठरवू. एका अंकाने भागणार नाही. ००, ०१, १०, ११ अशा जोड्या लागतील, म्हणजे अंक झाले १२८. आणि रंग २५६ हवे असतील तर प्रत्येक चौकोनामागे आठ अंक, एकूण ५१२. कागद तेवढाच, होडी तेवढीच. पण लक्षात ठेवण्याचे आणि सांगण्याचे काम आठपट झाले.

संगणकाच्या पडद्याचा चाळीस वर्षांचा इतिहास या छोट्या खेळात दडलेला आहे. पडदा रंगीत करण्यातली खरी अडचण ही रंगीत नळी बनवण्याची नव्हती. रंगीत चित्र दाखवणारी, छिद्रांच्या जाळीची नळी अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९५० मध्येच करून दाखवली होती. तरीही १९९० च्या सुमारास एखाद्या विद्यापीठाला जाळ्याने जोडलेल्या संगणकांसाठी चांगले रंगीत टर्मिनल घ्यायचे असले, तर कागद-पेन्सिल घेऊन बराच हिशेब करावा लागे. हा हिशेब काय होता आणि तो का करावा लागला, ते पाहू.

चित्र लक्षात कोण ठेवणार?

टर्मिनल म्हणजे माणसाने मोठ्या संगणकाशी बोलण्याचे साधन. स्वतः गणित करायचे नाही. माणसाचे म्हणणे तिकडे पोचवायचे आणि तिकडचे उत्तर इकडे दाखवायचे. सुरुवातीला हे काम टेलिटाइपसारखी यंत्रे करत. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापी. त्याची एक मोठी सोय होती. छापलेले अक्षर कागदावर राही, ते कोणी लक्षात ठेवण्याची गरज नसे.

काचेच्या पडद्यावर तसे नाही. कॅथोड किरण नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यामागच्या फॉस्फरच्या लेपावर आदळतो आणि तेथे क्षणभर उजेड पडतो. क्षणभरच. चित्र टिकवायचे तर ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा पुन्हा काढावे लागते आणि पुन्हा काढायचे तर ते कोठेतरी साठवलेले असावे लागते. ही साठवण म्हणजे स्मृती, आपण ज्याला मेमरी म्हणतो ती. साठच्या दशकात ती फार महाग होती.

महाग वस्तू टाळण्यासाठी माणसे काय काय युक्त्या करतात, हे पाहण्यासारखे आहे. आयबीएमच्या १९६४ मधील २२६० या टर्मिनलवर जास्तीत जास्त ९६० अक्षरे दिसत. ती लक्षात ठेवण्यासाठी तारेतून कंपने सोडत. कंपन तारेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंतचा वेळ, तेवढीच आठवण! टोकाला पोचले की ते पुन्हा सुरुवातीला सोडायचे. टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७२ मध्ये ४०१० हे टर्मिनल आणले, त्याची किंमत सुमारे ४,००० डॉलर होती. त्यात नळीच अशी होती की एकदा काढलेली रेघ पडद्यावर टिकून राही. मात्र एक रेघ पुसायची तर सगळा पडदा पुसावा लागे आणि त्या वेळी हिरवा लखलखाट होई.

शिक्षकांना जवळचे वाटेल असे तिसरे उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे. तेथे डोनाल्ड बिट्झर आणि त्यांचे सहकारी 'प्लेटो' नावाची संगणकाधारित शिक्षणव्यवस्था उभारत होते. एका मध्यवर्ती संगणकाला टेलिफोनच्या तारांनी दूरदूरची टर्मिनले जोडायची आणि त्यांवर मुलांनी धडे सोडवायचे, अशी ती कल्पना. प्रत्येक टर्मिनलला महाग स्मृती देणे परवडणार नव्हते. म्हणून १९६४ मध्ये बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा शोधून काढला. वायू भरलेल्या बारीक कोठड्यांचा हा पडदा. एकदा पेटवलेली कोठडी विझवेपर्यंत पेटलेली राही. १९७२ च्या प्लेटो-४ टर्मिनलवर असे ५१२ गुणिले ५१२ ठिपके होते. पडदा स्वतःच चित्र लक्षात ठेवी, लुकलुकत नसे, बोटाने स्पर्श केलेलाही ओळखी. उणीव एकच, रंग फक्त नारिंगी.

स्मृती स्वस्त होते

१९७० मध्ये इंटेलची ११०३ ही स्मृतीची चिप बाजारात आली. तिच्यात १,०२४ बिट मावत. बिट म्हणजे आपल्या खेळातला एक अंक, ० किंवा १. आता हिशेब करा. १,०२४ गुणिले १,०२४ म्हणजे सुमारे दहा लाख ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा लक्षात ठेवायला अशा १,०२४ चिपा लागतील. तोच पडदा २५६ रंगांत हवा असेल तर ८,१९२.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात दोन वेगळ्या वाटा चोखाळल्या गेल्या. 'ऑल्टो' या संगणकाचा पडदा काळा-पांढरा, ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांचा होता. तेवढ्यासाठीही त्याची जवळजवळ निम्मी स्मृती खर्ची पडे. त्याच केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' बनवले. त्यात प्रत्येक ठिपक्याला आठ बिट होते आणि पडद्यावर खरोखर रंगवता येई. एका यंत्राने बारीक, सुबक अक्षर दिले तर दुसऱ्याने रंग. दोन्ही एकत्र मिळण्याचे दिवस अजून दूर होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या संगणकाचे एक सुटसुटीत माप सांगितले. त्याला 'तीन एम' म्हणत. दहा लाख बाइट स्मृती, दहा लाख ठिपक्यांचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख आज्ञा पाळण्याचा वेग. एक बाइट म्हणजे आठ बिट. पडदा काळा-पांढरा ठेवला तर या स्मृतीचा आठवा भाग त्याला लागतो. तोच पडदा २५६ रंगांचा केला तर सगळीच्या सगळी स्मृती पडदाच खाऊन टाकतो! रंग का मागे राहिला, याचे उत्तर या एका गणितात आहे.

अक्षरांची टर्मिनले

ठिपके साठवणे परवडत नसेल तर फक्त अक्षरे साठवावीत, हा व्यवहारी मार्ग होता. १९७८ चे व्हीटी-१०० हे टर्मिनल २४ ओळींत ८० अक्षरे दाखवी. 'ए' साठी एक क्रमांक साठवायचा आणि तो दिसेल कसा, हे टर्मिनलमधल्या कायम साच्याने ठरवायचे. पडदाभर मजकूर १,९२० अक्षरांत संपे. आयबीएमने १९७९ मध्ये ३२७९ हे टर्मिनल आणून अशा अक्षरांना सात रंग दिले. अक्षरामागे रंगाचा क्रमांक साठवायला फारशी स्मृती लागत नसे.

पण साच्याची सोय रोमन लिपीपुरतीच होती. व्हीटी-१०० चा साचा सात गुणिले नऊ ठिपक्यांचा. त्यात 'र्त्स्न्य' कसे बसवायचे? देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि शिवाय अक्षराची रुंदी दर वेळी वेगळी. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत पुढे वाढले आणि त्यातून भारतीय लिप्यांसाठी संगणकात बसवायची कार्डे व टर्मिनले तयार झाली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या क्रमांकांचे 'इस्की' हे मानकही ठरले. मराठी वाचकाच्या दृष्टीने चांगला पडदा म्हणजे आधी पुरेसे ठिपके, रंगाचा विचार त्यानंतर.

गुरुजी एका खोलीत, फळा दुसऱ्या खोलीत

१९८३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 'अथेना' प्रकल्प हाती घेतला. विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही यंत्रासमोर बसावे आणि त्याचे काम त्याच्यासमोर यावे, हा उद्देश होता. यंत्रे डीईसी आणि आयबीएम या दोन कंपन्यांची, एकमेकांशी न जुळणारी. कार्यक्रम एका यंत्रावर चालावा आणि चित्र दुसऱ्याच, वेगळ्या बनावटीच्या पडद्यावर उमटावे, यासाठी समान भाषा हवी होती. ती १९८४ मध्ये रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी घडवली. स्टॅनफर्डमधील 'डब्ल्यू' नावाच्या आधीच्या व्यवस्थेवरून ती निघाली, म्हणून तिचे नाव पुढचे अक्षर, 'एक्स'. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये तिची अकरावी आवृत्ती आली.

एक्सची कल्पना वर्गातल्या दृष्टान्ताने समजते. एका खोलीत फळा आहे आणि खडू घेऊन एक विद्यार्थी उभा आहे. गुरुजी दुसऱ्या खोलीत बसून सांगताहेत, "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढ. येथे निळा चौकोन काढ. येथे हा शब्द लिही." गुरुजी चित्र पाठवत नाहीत, सूचना पाठवतात. फळा आणि खडू विद्यार्थ्याच्या ताब्यात. गंमत अशी की, या व्यवस्थेत 'सर्व्हर' हे नाव टेबलावरच्या पडदा सांभाळणाऱ्याला आहे, लांबच्या मोठ्या यंत्राला नाही. या उलट्या वाटणाऱ्या नावाने अनेकांचा गोंधळ उडाला; पण पडदा ही सेवा आहे असे मानले की नाव बरोबर बसते.

मग असा विचार पुढे आला की टेबलावर फक्त हा विद्यार्थी ठेवला तर? चकती नाही, कार्यक्रम नाहीत. पडदा, कळफलक, माऊस, थोडी स्मृती आणि जाळ्याची तार. चालू केल्यावर स्वतःची आज्ञावलीही जाळ्यावरून मागवून घ्यायची. अशा यंत्राला 'एक्स टर्मिनल' म्हणू लागले. १९८८ मध्ये स्थापन झालेली नेटवर्क कम्प्युटिंग डिव्हायसेस ही कंपनी त्यांसाठी विशेष प्रसिद्ध झाली. देखभाल एकाच मोठ्या यंत्राची, हा त्याचा मोठा फायदा. तोटाही तोच, कारण ते यंत्र बंद पडले की सगळेच रिकामे बसत.

निवड करताना

आता निवडीचा हिशेब. चांगल्या रंगीत टर्मिनलवर १,२८० गुणिले १,०२४ ठिपके असत, म्हणजे १३,१०,७२० ठिपके. प्रत्येकी आठ बिट धरले तर सवा मेगाबाइट स्मृती केवळ पडद्यासाठी लागते. चोवीस बिट धरले तर तिप्पट, पावणेचार मेगाबाइट. उघडलेल्या खिडक्यांची चित्रे ठेवायला आणखी स्मृती लागे ती वेगळीच.

तारेचा हिशेब पाहा. त्या काळचे इथरनेट जाळे सेकंदाला एक कोटी बिट वाहून नेई. आठ बिटांचा हा पूर्ण पडदा म्हणजे एक कोटी पाच लाख बिट. तार पूर्ण मोकळी असली तरी एक चित्र पोचायला सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागेल, आणि तार तर साऱ्या विभागाने वाटून घेतलेली असे. म्हणून चित्रापेक्षा सूचना पाठवणे शहाणपणाचे होते. मजकूर, रेघा आणि आलेख यांच्या कामाला एक्स टर्मिनल उत्तम. हलती छायाचित्रे दाखवायची असतील तर मात्र सूचनांचा उपयोग नसे. तेथे सगळे ठिपकेच पाठवावे लागत.

यावरून निवडीचा पहिला प्रश्न ठरतो. रंग किती, हे विचारण्याआधी काम कोणते, हे विचारले पाहिजे. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्याला स्पष्ट ठिपके असलेला, करड्या छटांचा पडदा कमी ठिपक्यांच्या रंगीत पडद्यापेक्षा उपयोगी पडे. नकाशे, रेणूंच्या रचना किंवा उपग्रहाची चित्रे पाहणाऱ्याला रंगाशिवाय गत्यंतर नव्हते.

रंगपेटीचे भांडण

आठ बिटांत २५६ रंग. पण कोणते? ते पावणेदोन कोटींच्या जवळपास असलेल्या रंगछटांतून निवडता येत. २५६ खणांची एक रंगपेटी कल्पा. चित्रात रंग लिहिलेला नसतो, खणाचा क्रमांक लिहिलेला असतो. आता एकाच पडद्यावर चार खिडक्या उघड्या आहेत आणि पेटी एकच आहे. नवी आलेली खिडकी हट्टी निघाली, तिने पेटी रिकामी करून आपले रंग भरले, तर? बाकीच्या चित्रांतले क्रमांक तेच राहतात, पण त्या खणांत आता दुसरेच रंग. माऊस त्या खिडकीवर नेताच शेजारचा नकाशा जांभळा-पोपटी होई आणि बाहेर आणताच पूर्ववत. असे टर्मिनल वापरलेल्यांना हा तमाशा चांगला आठवत असेल.

पुढे नेटस्केपने यावर तोडगा काढला. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या घ्यायच्या, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६ ठरलेले रंग. सर्वांनी त्यातलेच वापरायचे. चोवीस बिटांची स्मृती स्वस्त झाल्यावर हे भांडण आपोआप मिटले.

डोळ्यांची बाजू

आकड्यांच्या या खेळात पडद्यासमोर बसणारा माणूस विसरून चालत नाही. आपल्याकडचे दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला पन्नास वेळा काढले जाई, तेही एकाआड एक ओळींचे. दुरून ते चालते. हातभर अंतरावर बारीक अक्षरे वाचताना मात्र आडवी रेघ थरथरते. डोळ्याची कड मध्यभागापेक्षा लुकलुक अधिक टिपते, त्यामुळे मोठा पडदा जवळ असला की त्रास वाढतो. म्हणून सेकंदाला सत्तरच्या वर, सलग ओळींनी चित्र काढणारा पडदा घ्यावा, असे जाणकार सांगू लागले. ७२ वेळा म्हटले तरी वरच्या टर्मिनलला सेकंदाला सव्वानऊ कोटींहून अधिक ठिपके स्मृतीतून काढून पडद्यावर मांडावे लागत. किंमत वाढण्याचे हे दुसरे कारण.

तिसरे कारण नळीतल्या जाळीचे. लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचे एक त्रिकूट जेवढ्या अंतरावर पुन्हा येते, ते अंतर चांगल्या नळीत ०.२८ मिलिमीटरच्या आसपास असे. ढोबळमानाने १,२८० ठिपके सुटे दिसायला ३५८ मिलिमीटर रुंदी हवी. लहान नळीवर तेवढे ठिपके पाठवता येतील, पण दिसतील पुसट. विक्रेत्याच्या पत्रकातले दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे असे साध्या गुणाकाराने तपासता येई.

या बाबतीत स्वीडनने पुढाकार घेतला. पडद्यातून बाहेर पडणाऱ्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांवर मर्यादा घालणारे एमपीआर-२ हे मानक तेथे १९९० मध्ये आले. १९९२ मध्ये टीसीओ या कर्मचारी संघटनेच्या महासंघाने त्याहून कडक अटी मांडल्या आणि विजेच्या बचतीचीही अट घातली. चांगला पडदा कोणता, हे केवळ बनवणाऱ्याने किंवा विकत घेणाऱ्याने न ठरवता, त्याच्यासमोर आठ तास बसणाऱ्यांनीही ठरवले, ही या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे.

आणि आता?

स्मृती आणि संगणक इतके स्वस्त झाले की एक्स टर्मिनल विकत घेण्याचे कारण उरले नाही. पण कल्पना मेली नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने जुन्या, टाकून दिलेल्या संगणकांना टर्मिनलांचे काम दिले आणि त्याची शाळांसाठी खास आवृत्तीही निघाली. आज दूरच्या यंत्रावर काम करून फक्त चित्र हातातल्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी सर्वत्र आहेत. १,९२० गुणिले १,०८० ठिपके, चोवीस बिट, सेकंदाला साठ चित्रे, असा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट होतात. तेवढे सहसा पाठवत नाहीत; आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच आवळून पाठवतात. गुरुजी अजूनही शक्य तेवढे कमी बोलतात.

उद्या तुमच्या शाळेत दूरच्या यंत्रावर चालणारे स्वस्त पडदे घ्यावेत का, असा प्रश्न आला, तर या जुन्या हिशेबाचा उपयोग होईल. काम कोठे होणार आणि चित्र कोठे साठणार? तार तुटली किंवा वीज गेली तर मुलांच्या हाती काय उरेल? 'र्त्स्न्य' स्पष्ट वाचता येते का? लाल-हिरव्यातला फरक न कळणारे मूल वर्गात असू शकते. त्याला पडद्यावरची खूण रंगाशिवाय ओळखता येईल का? किती रंग दिसतात, हा प्रश्न यांच्यानंतरचा.

वर्गात करून पाहण्यासाठी

मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या करा आणि जोडीतल्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे सोळा गुणिले सोळा चौकोनांवर काढलेले चार रंगांचे चित्र, दुसऱ्याकडे कोरी चौकट. पहिल्या फेरीत प्रत्येक चौकोनाचा अंक ओळीने सांगू द्या. एकूण ५१२ अंक होतील, वेळ नोंदवा. दुसऱ्या फेरीत "तिसऱ्या ओळीत पाचव्यापासून बाराव्या चौकोनापर्यंत लाल" अशा सूचना देऊ द्या आणि पुन्हा वेळ नोंदवा. मग एका जोडीला आडव्या पट्ट्यांचे आणि दुसऱ्या जोडीला विखुरलेल्या ठिपक्यांचे चित्र द्या. सूचनांची पद्धत केव्हा जिंकते आणि केव्हा हरते, हे मुले स्वतःच सांगतील.